आक्वा

उचगाव सोडलं की रस्ता चढाला लागतो.
मग आमचं गाव, मग काजूचा माळ,
आणि माळाच्या उरावर अकरा दगड,
उभे नव्हेत, निजवलेले,
पाय उताराकडे, डोकी वैजनाथाच्या डोंगराकडे.

धाकलू भोगणनं रचले ते.
पलटणीतून सुटून आला तेव्हा त्याच्यापाशी
एक पत्र्याची ट्रंक, एक लोकरी जर्सी,
डाव्या कानात न थांबणारी शिट्टी
आणि हे अकरा.

चैत्र लागला की तांब्या मी धरायचो.
वय वर्षं आठ. चढताना अर्धं पाणी सांडायचं.
तो ओरडायचा नाही, पुन्हा विहिरीवर पाठवायचा.

इटलीतली ती टेकडीबी अशीच हुती गा, म्हणायचा.
द्राक्षाच्या तारा, तुटलेल्या.
खाली नदी, मार्कंडेयाएवढीच,
बैलसुद्धा भिजला नसता गुडघ्याच्या वर.
तिच्यापायी तीन रात्री.

मेलेले कुणाचे? आमचे का त्यांचे?
हे त्यानं कधी धड सांगितलं नाही.
"इटलीवाले हुते. काल एका अंगाला, आज दुसऱ्या.
त्यांचीबी हद्द हलवली हुती कुणीतरी."
एवढं बोलून तंबाखू मळत बसायचा.

पुरायची पाळी आमच्या सेक्शनवर.
गळ्यातल्या बिल्ल्यावरची अक्षरं येईनात,
बोटानं चाचपली, शेंगा चाचपल्यागत.
काडतुसांच्या पेटीच्या फळ्या,
एक उभी, एक आडवी, तारेनं बांधलेली.
पाद्री नव्हता. मुतग्याचा एक पोरगा होता, लक्ष्मण,
तो म्हणाला, राम म्हणू काय?
म्हण.

आणि अकरावा?

हे त्यानं एकदाच सांगितलं.
मी तोवर कॉलेजला, तो खाटेवर,
जर्सी उन्हाळ्यातही अंगात.

"अकरावा जिता हुता. तासभर.
आक्वा, आक्वा, म्हणत हुता.
मला वाटलं, अक्काला हाक मारतोय.
थोरली भैन असंल, म्हटलं.
हात धरला. आलीच बघ अक्का, म्हटलं,
आत्ता येतीय, वाटंत हाय.
हात ढिला हुईस्तवर बसलो."

मग बराच वेळ शिट्टी ऐकत राहिला, स्वतःचीच.

"चार दिवसांनी एका म्हातारीच्या दारात
एक पोर तेच बोललं, आक्वा,
आणि म्हातारीनं लोटा भरून दिला.

माझ्या कमरेला बाटली हुती गा.
भरल्याली."

तो गेला. तांब्याला पोचे पडले.
पण चाळीस वर्षं माळावर तोच शब्द मोठ्यानं म्हटलेला,
काजू वेचायला आलेल्या बायकांनी ऐकलेला.
शेजारच्या कानडी गावच्या त्या. त्यांना वाटलं अक्कव्वा.
कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस दुभती झाली.
आता अकराही दगडांवर हळद आहे,
एकावर हिरव्या बांगड्या, खाली सुटे पैसे,
आणि मंगळवारी नारळ.
अकरा शिपाई मिळून एक देवी.
मी कुणाला काही सांगितलं नाही.
सांगून काय सांगणार?

परवा रिंगरोडची मोजणी आली.
सर्वेअर गदगकडचा, टोपीखाली घामेघूम,
कागदावर रकाना: समाधी, थडगे, देवस्थान, इतर.
यारदु? म्हणाला. कुणाचं?
तोंड उघडलं मी, आणि तसंच ठेवलं.
बांगड्यांकडे बघून त्यानंच लिहिलं
कानडीत, गोल अक्षरांत,
अक्कव्वा, कल्लु हन्नोंदु.
लाल रंगाचा ब्रश काढला, बाण ओढला,
अगदी त्या शेवटच्याच्या पायाशी.

मग रुमालानं मान पुसत म्हणाला,
"नीर इद्र कोडरी."

बाटली माझ्या पिशवीत होती.
मला आठवत नाही मी ती कधी काढली,
टोपण कधी फिरवलं.
तो म्हणाला, पुरे, पुरे,
मी ओततच होतो,
त्याच्या ओंजळीतून गळून
पाणी उताराला लागलं होतं.